तिसऱ्या तक्रारीचं मशीन

सासूबाईंनी सव्वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त केली. निवृत्तीनंतर सहा महिने त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मग कुणीतरी भंगारात काढलेलं मशीन आणून दिलं आणि बाई उठून बसल्या. तेव्हापासून मागच्या खोलीत त्या मशीनं दुरुस्त करत, सून ती ऑनलाइन विकत असे.

महिन्यात तीन तक्रारी खऱ्या ठरल्या की साइट दुकान बंद करत असे. दोन झाल्या होत्या, दोन्ही वाहतुकीत आपटलेल्या मशीनच्या. तिसरी सोमवारी आली. ‘खोकं उघडल्यापासून मशीन जाम आहे. एक टाकाही पडलेला नाही.’ सोबत फोटो. पाठोपाठ त्या गिऱ्हाईक बाईंचा फोनवर वेगळा मेसेज: अर्धे पैसे परत करा, मशीन माझ्याकडेच राहू द्या, तक्रार मागे घेते.

खोकं भरताना मशीनच्या नंबरपासून चिकटपट्टीपर्यंत सलग व्हिडिओ घ्यायचा, हा सुनेनंच केलेला नियम. आणि त्या दिवशी पार्सलवाला दारात उभा म्हणून तिनंच तो मोडला होता. दुकान गेलं तर सासूबाई पुन्हा त्या भिंतीकडे वळतील, याची तिला खरीखुरी भीती वाटली.

“आई, देऊन टाकू या का अर्धे? माझ्याकडे व्हिडिओ नाही.”

सासूबाई रागावल्या नाहीत. हात पुसत त्यांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. “आज अर्धे दे, उद्या सगळ्या गावाला कळेल की इथं अर्धे मिळतात. फोनवर एक अक्षर लिहू नकोस. बोलायचं ते साइटवर. फोटो दाखव.”

फोटो त्यांनी इतका मोठा केला, की पडद्यावर नुसती सुई उरली. “आता आपला दाखव. जाहिरातीतला शेवटचा.”

तो फोटो सुनेला कधीच आवडला नव्हता. मशीन हलवायचं तर खाली चिंधी घालायची, म्हणजे कापड पुढे ढकलणारे दाते घासत नाहीत, ही कारखान्यातली रीत. सासूबाई त्या चिंधीवर मशीन चालतं हे दाखवायला टीप मारून ती मध्येच थांबवत आणि सुई तिथंच रुतवून ठेवत. चकाचक मशीनखाली ही निळ्या चौकटीची चिंधी म्हणजे नव्या नवरीच्या पायात फाटकी चप्पल, असं सून म्हणायची.

आपल्या फोटोत पांढऱ्या दोऱ्याची दीड ओळ होती. बाईंच्या फोटोत चिंधी तीच, चौकटी त्याच, पण ओळी चार. अडीच ओळी हिरव्या.

“एक टाकाही पडला नाही म्हणते,” सासूबाई म्हणाल्या. “मग हे काय मुंग्यांनी शिवलं?”

हातच्या काकणाला आरसा कशाला! सुनेनं दोन्ही फोटो शेजारी लावले, ओळींवर आकडे टाकले आणि दोनच वाक्यांत उत्तर साइटवर पाठवलं. फोनवरच्या मेसेजचा फोटोही जोडला. बुधवारी दुपारी निकाल आला: तक्रार फेटाळली.

सून खुर्चीतच मागे रेलली. तिला सासूबाईंचा फार अभिमान वाटला. मग तिनं त्या बाईंसाठी लिहिला ‘चोराच्या उलट्या बोंबा’ इथपासून सुरू होणारा चांगला लांबलचक मेसेज. तिनं तो सासूबाईंना वाचून दाखवला.

सासूबाईंचं लक्षच नव्हतं. त्या अजून त्या हिरव्या ओळींकडे बघत होत्या. “खालचा पांढरा दोरा वर डोकावतोय बघ. ठिपके ठिपके. वरचा दोरा फार घट्ट केलाय तिनं. ते खोड आणि लिही, वरची ताणाची चकती अर्धा आटा सैल कर म्हणावं.”

“आई, ती आपलं दुकान बुडवायला निघाली होती. आणि तुम्ही तिला शिकवताय?”

“तिला कोण शिकवतंय,” सासूबाई म्हणाल्या. “मशीन माझ्या हातचं आहे. ते असं वाईट शिवतंय, हे मला बघवत नाही.”