मार्सेयहून आलेलं पत्र

शैलाने चौतीस वर्षं दादरच्या एका शाळेत फ्रेंच शिकवलं आणि फ्रान्स एकदाही पाहिला नाही. कांताला फ्रेंचमधलं ओ की ठो कळत नाही आणि ती चाळीस दिवस मार्सेयला राहून आली. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण दुसऱ्याबद्दल मजेत म्हणतो. स्वतःवर आलं की मजा जाते. कांता परतल्यापासून पंधरा दिवस शैलाला अन्न गोड लागत नव्हतं.

दोघी भोईवाड्यातल्या एकाच चाळीत वाढलेल्या, शाळेत एकाच बाकावर बसलेल्या. शैला शिकली, बाई झाली, लग्न होऊन शिवाजी पार्कला आली. कांता भोईवाड्यातच राहिली. नवरा गेल्यावर जेवणाचे डबे करून तिने एकुलत्या विकासला, आपल्या मुलाला, वाढवलं, आणि तो पठ्ठ्या नोकरीला लागला तो मार्सेयच्या जहाज कंपनीत. जगात दुसरी बंदरं काय बुडाली होती?

कारण मार्सेय हे शैलाचं शहर होतं. सव्वीसशे वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांनी वसवलेलं, फ्रान्समधलं सगळ्यांत जुनं. त्यावरचा धडा ती असा शिकवायची की मुलांना वाटे, बाई कालच तिथून परतल्या. जुनं बंदर, त्याच्या तोंडाशी दोन किल्ले, टेकडीवरचं चर्च, त्याच्या शिखरावर सोनेरी आई आणि तिचं मूल. डोळे मिटून ती फळ्यावर नकाशा काढत असे. एकदा तर व्हिसाचे कागद भरून झाले होते. त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात पडल्या, मग नवऱ्याचं आजारपण निघालं, आणि राहिलं ते राहिलंच.

आणि ही कांता येऊन काय सांगते? "अगो, अगदी आपला भाऊचा धक्का! सकाळी बंदरावर बायका मासे घेऊन बसतात. एकीला म्हटलं, ह्यो बांगडो कालचो आसा. मालवणीतच म्हटलं. तिका कळला की गो! बदलून दिलान." शैला हसली, पण आतून जळून कोळसा झाली. आपण क्रियापदं घोकत जन्म काढला आणि हिने मालवणीत बांगडा बदलून घेतला!

पंधराव्या दिवशी दुपारी कांता पुन्हा आली. विकासच्या ऑफिसातल्या कुणाबरोबर मार्सेयहून एक पत्र आलं होतं. विकासच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ओदेत नावाच्या म्हातारीचं. कांताची आणि तिची तिकडे गट्टी जमली होती म्हणे. एक मराठीत बोले, दुसरी फ्रेंचमध्ये, आणि दोघी मिळून मासे साफ करत.

"वाचून दाखव गो," कांता म्हणाली. "मोबाईलवर कळतं म्हणतात. पण घरची बाई असताना यंत्र कशाला?"

शैलाने चष्मा लावला. अक्षर तिरकं होतं, पण तिला ते सहज लागलं. ओदेतने लिहिलं होतं, तुम्ही गेल्यापासून जिना मुका झालाय. तुमचं हसू आठवतं. वसंतात पुन्हा या, या वेळी माझ्याच घरी उतरा, नाहीतर मी रागावेन.

कुणी आपल्याला असं कधी लिहिलं? शैलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती वाचू लागली, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"लिहिलंय, तुमची भेट झाली, बरं वाटलं. पुढच्या वर्षी मात्र तिच्याकडे पाहुणे आहेत, घरात गडबड असेल. यायचं ठरवलंत तर आधी विचार करा."

"म्हणजे येऊ नको?"

"तसंच. सभ्य भाषेत. ती माणसं तोंडावर बोलत नाहीत."

कांताचा चेहरा उतरला, आणि खोटं कशाला बोलायचं, शैलाला क्षणभर छान वाटलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मग तिने पान उलटलं.

पाठीमागे तिचंच नाव होतं.

'तुमच्या मैत्रिणीला, शैलाला, घेऊन या. टेकडीवरच्या आईपुढे तुम्ही खण-नारळ ठेवलात, तेव्हा मी विकासला विचारलं. तो म्हणाला, आईने शैलामावशी इथे यावी म्हणून ओटी भरली. चाळीस दिवस तुम्ही तिचंच नाव घेत होतात. ती असती तर ही पाटी वाचली असती, ती असती तर हा किल्ला कुणाचा ते सांगितलं असतं. माझी समुद्राकडची खोली तिची.'

शैलाचे कान तापले. हे वाचायचं तर मघाचं गिळायला हवं. येऊ नका म्हणणारी बाई पाठच्या पानावर खोली कशी देईल?

"मागे काय आहे?" कांताने विचारलं.

"काही नाही. सही आहे."

कांताने चहा संपवला. कप स्वतःच ओट्यावर नेऊन विसळला, पदराला हात पुसले आणि परत येऊन उभी राहिली.

"शैला, ओदेतनं ते विकाससमोरच लिहिलं. त्यानं परवाच फोनवर मला अख्खं सांगितलं. म्हटलं, तुझं बोलावणं तुझं तुला वाचू दे. वाचताना तुझं तोंड बघायचं होतं मला." तिने पदर खोचला. "बघितलं."

पत्र शैलाच्या हातातच होतं.

कांताने चपला घातल्या, पिशवी उचलली आणि दारातून मागे न बघता म्हणाली, "तुझा पासपोर्ट केव्हाच बाद झाला असेल. आधी फोटो काढून घे. व्हिसाचं विकास बघतो."

पंधरा दिवस शैला कांताच्या मार्सेयवर जळत होती. आता जिना उतरणाऱ्या त्या चपलांचा आवाज ऐकताना तिला कांताचाच हेवा वाटला, आणि त्यावर कुठल्याच व्हिसाचा इलाज नव्हता.