घरचीच सर्दी

मित्रांनो, मी एक जुनी कुंची आहे. तान्ह्या बाळाचं डोकं, कान आणि पाठ झाकणारं लांब टोपडं असतं ना, तेच मी. पलूसजवळच्या एका गावात, उसाच्या रानाकडेच्या घरात, पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात माझे दिवस जातात.

साळूबाईंनी पहिल्या बाळंतपणाआधी मला हिरव्या खणातून शिवलं आणि कडेने लाल गोट लावला. सर्वांत आधी मला घातलं ते त्यांच्या लेकीला, राजेश्वरीला. मग तिच्या पाठच्या मानसिंगला. पुढे गल्लीतल्या बारशांनाही मला मागून नेत. बायका माझा गोट चाचपून बघत, साळूबाईंच्या हाताचं कौतुक करत आणि मी भलतीच फुशारून जायचे.

मानसिंग मोठा होऊन फौजेत गेला. त्याला मुलगी झाली तेव्हा रजा काही मिळाली नाही, त्यामुळे तो मोबाइलवरून बारसं बघत होता. दिवस थंडीचे होते. राजेश्वरी मेढ्याहून एसटीने आली ती नाक पुसतच. बाळाची आई रेश्मा सासूसमोर फारशी बोलायची नाही, पण त्या दिवशी तिने हळूच म्हटलं, "वन्सं, सर्दी हाय न्हवं तुमाला? जरा लांबनंच नाव घ्या की."

राजेश्वरीचा चेहरा उतरला. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं, हा आत्याचा मान. साळूबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"घरचीच सर्दी ती. आपल्या माणसाची बाधत न्हाई."

त्या घरात सगळे असंच मानायचे. परकं कुणी शिंकलं की बाळाला आतल्या खोलीत न्यायचे आणि घरच्याने खोकत खोकत पापे घेतले तरी चालायचं. रेश्मा बाजूला सरकली.

राजेश्वरीने बाळाच्या डोक्यावरची माझी कड वर केली आणि ती वाकली. पोरं हसत तिच्या पाठीत धपाटे घालत होती. "कुर्र... शिवांजली," ती म्हणाली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. तो ओला श्वास माझ्या खणावर आणि बाळाच्या गालावर पडला. मग तिने बाळाचा पापा घेतला. तिची माया खरी होती, ते मी कसं नाकारू?

चार-पाच दिवसांत शिवांजलीचं नाक वाहू लागलं. मग तिने दूध पिणं सोडलं. माझ्याखाली तिची पाठ भराभर हलायची, बरगड्या आत ओढल्या जायच्या. साळूबाईंनी ओव्याची धुरी दिली, त्या धुराने ती आणखीच गुदमरली. दवाखान्यात नेऊ या म्हणून रेश्मा विनवत होती, पण सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, असा घराचा दंडक. ओठ निळे दिसले तेव्हा कुठे सगळे हलले. आधी पलूस, तिथून सांगली. मोठ्यांना नुसती सर्दी करणारा विषाणू एवढ्याशा जिवाच्या छातीत उतरतो, बाळाला अशी धाप लागली की घटकाभरही थांबू नये, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पण तोवर फार उशीर झाला होता.

मी पिशवीतून घरी परत आले. शिवांजली आली नाही.

पुढे रेश्माला मुलगा झाला. साळूबाईंनी मला गरम पाण्यात धुतलं आणि कडक उन्हात वाळवलं. बारशाला राजेश्वरी आली, पण प्रवासात तिचा घसा धरला होता. ती आपणहून अंगणातच थांबली, तोंडाला पदर बांधून. साळूबाई दारात गेल्या. लेकीला आत ये म्हणायला त्यांचे ओठ हलले असतील, पण शब्द वेगळेच आले.

"बाई, तितनंच सांग नाव. त्येची आई सांगंल त्येच्या कानात."

राजेश्वरीने मान हलवली. "शंभूराज," ती अंगणातून म्हणाली. रेश्माने साबणाने हात धुतले, माझी कड वर केली आणि तेच नाव बाळाच्या कानात सांगितलं. धपाटे घालायला पोरं अंगणात गेली नाहीत. राजेश्वरी पदराआड रडत होती.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ असेल आणि तुम्हाला शिंका येत असतील, तर त्याला लांबूनच बघा. मोठ्यांनाही तसंच सांगा, ते रागावले तरी सांगा. शंभूराज आता नावाने हाक मारली की वळून बघतो. शिवांजली हे नाव त्या घरात कुणी घेत नाही. ते माझ्या खणात अजून तसंच आहे, खोकल्यासकट.