दुसरी वेलांटी

मी लाल पेन बोलतोय. व्याकरणाप्रमाणे मी 'बोलतंय' म्हणायला हवं, ठाऊक आहे मला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, एक माझी चालवून घ्या. पुढे सांगतो त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. शाईची शपथ! आता शाई माझ्यात नखाएवढीच उरलीय, तेव्हा शपथही तेवढीच धरा.

मी जन्मलो तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजला, यंत्रं थांबली, कामगार उठून उभे राहिले. जेवणाची सुट्टी झाली होती म्हणून, असं माझी भावंडं म्हणतात. पन्नास जणांच्या खोक्यात दोन-चार जळणारे निघायचेच.

त्या खोक्यातून मला उचललं ते भाषेच्या बाईंनी. माझी बैठक थेट त्यांच्या अंबाड्यात! बाकीची पेनं खिशातल्या अंधारात कुढायची आणि मी गच्चीवर. तिथून नववीचा अख्खा वर्ग दिसायचा. पेपर वाटले की मुलं आधी काय बघतात, सांगू? आपले गुण. मग शेजाऱ्याचे गुण. मी समासात जीव ओतून लिहिलेलं 'विचार छान, मांडणी सुधारा' आजवर एकानेही वाचलेलं नाही.

पण बाईंना तरी वाचायला वेळ कुठे होता? मोबाइल टिंग वाजायचा. माहिती भरा, आजच्या आज. फोटो पाठवा, आत्ताच्या आत्ता. मुलं हात धुतात त्याचा फोटो, झाडाला पाणी घालतात त्याचा फोटो. एकदा तर 'फोटो पाठवल्याचा फोटो' पाठवायचा होता. कविता शिकवता शिकवता बाई अर्ध्या ओळीवर थांबायच्या आणि नेटवर्क शोधत खिडकीशी जायच्या. मुलं ती अर्धी ओळ तोंडात धरून बसायची.

त्याच वर्गात दीर्घा होती. खरं नाव वेगळं. पण ही पोरगी संधी मिळेल तिथे दुसरी वेलांटी द्यायची, म्हणून वर्गाने बारसं केलं. 'किती' लिहायचं तर 'कीती', 'आणि' लिहायचं तर 'आणी'. बाई दर वेलांटीला अर्धा गुण कापायच्या. कापायचो अर्थात मी. तिच्या वहीवर मी इतका नाचलोय की लांबून बघणाऱ्याला वाटावं, पानाला गोवर आलाय!

आता खरी गोष्ट. शाळेच्या फाटकावर मोठा फलक होता : 'सलग सहा वर्षं शंभर टक्के निकाल'. त्या फलकाची मुख्याध्यापक सरांना फार काळजी. नववीत जो कुणी नापास होईल, त्याच्या हातात गोड बोलून दाखला द्यायचा, म्हणजे दहावीत शंभरातला एकही कमी होत नाही. दीर्घा बाकी सगळ्या विषयांत काठावर का होईना, तरली होती. उरला होता भाषेचा पेपर. आणि पस्तीस गुण.

पेपर तपासायच्या आधीच सरांनी तिच्या आईला बोलावून घेतलं. आई लाँड्रीत इस्त्री करायची. कपाळावर घाम तसाच घेऊन आली.

"ताई, तिला घरी अभ्यास करू दे. परीक्षेला बाहेरून बसवा," सर म्हणाले.

"घरीच बसवायची होती तर शाळेत कशाला घातली असती, सर?"

"तसं नाही हो. तिच्याच भल्यासाठी सांगतोय."

"तिचं भलं त्या फलकावर लिहिलंय का?"

वा! बाई दाराशीच उभ्या होत्या; त्यांच्या अंबाड्यात मी टाळ्या वाजवल्या. हात नसताना वाजवल्या!

मग शिक्षकांच्या खोलीत गठ्ठा सुटला. चाळीस पेपर, एकीकडे डबा, दुसरीकडे टिंग टिंग. खरं सांगायचं तर बाई वाचत नव्हत्या, वेलांट्या मोजत होत्या. दीर्घाचा पेपर आला. निबंधाचा विषय होता 'शिक्षक दिन'. पोरीने मथळा लिहिला होता 'शिक्षक दीन'. अर्धा गुण गेला. शेवटच्या ओळीत पुन्हा 'दीन'. आणखी अर्धा गेला. बेरीज झाली चौतीस.

चौतीस!

माझ्या अंगातली शाई गोठली. या आकड्याभोवती गोल काढला की पोरगी फाटकाबाहेर. मी ठरवलं, नाही म्हणजे नाही! संप! बाईंनी मला झटकलं, तळहातावर घासलं, निबंधाच्या समासात रेघोट्या ओढून पाहिल्या. मी ढिम्म. आणि रेघोट्या ओढता ओढता बाईंची नजर निबंधावर पडली. त्या पहिल्यांदाच तो वाचायला लागल्या.

'आमच्या बाई सकाळी हसत येतात आणी दुपारपर्यंत त्यांचं हसू माहितीत भरलं जातं. त्या कवीता शिकवतात तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होतो. मग मोबाइल वाजतो. शिक्षकांना एक दिवस फुलं देतात, बाकी वर्षभर शिक्षक दीन.'

बाईंनी प्रश्नपत्रिका उघडली. तिथे 'दिन' बरोबर छापलेला होता. मग समोरचा शब्द बघून पोरीने चुकीचा उतरवला कसा?

डबा तसाच ठेवून बाई पेपर घेऊन निघाल्या. निघाल्या कसल्या, धावल्या! वाटेत दीर्घाला उचललं आणि थेट सरांच्या खोलीत.

"एक गुण वाढवताय, बाई?" बाईंचं ऐकून सर म्हणाले.

"वाढवत नाही. चुकून कापलेला परत देतेय. तुम्हीच विचारा तिला."

सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. बाईंनी मला अंबाड्यातून काढून दीर्घाच्या हातात दिलं. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा मुलीच्या बोटांत होतो!

"लिही. दिन," सर म्हणाले.

तिने लिहिलं. पहिली वेलांटी.

"आता दीन."

दुसरी वेलांटी.

"फरक?"

"दिन म्हणजे दिवस. दीन म्हणजे बिचारं." ती बाईंकडे न बघता म्हणाली, "मी दिवसाबद्दल लिहिलंच नव्हतं, सर. बाईंबद्दल लिहिलं होतं."

"आमच्या शाळेत शिक्षक बिचारे आहेत?"

"काल बाईंनी डबा उघडला आणि तुमचा निरोप आला. परवा पण. तुम्हाला पण वरून निरोप येतात ना, सर?"

तेवढ्यात सरांचा मोबाइल टिंग वाजला. सरांनी तो उचलला नाही. मला उचललं! चौतीसवर काट मारली, पस्तीस लिहिले आणि सही ठोकली. 'आणी' आणि 'कवीता'चे अर्धे-अर्धे गुण मात्र बाईंनी परत दिले नाहीत. हिशेब म्हणजे हिशेब.

दीर्घा आता दहावीत आहे. फलकाचं पुढे काय होणार, कुणालाच ठाऊक नाही. परीक्षा व्हायचीय अजून! बाई मधल्या सुट्टीत मोबाइल कपाटात ठेवतात आणि तिच्याकडून वेलांट्या गिरवून घेतात. माझी शाई संपत आली आहे. तुमच्या हाती माझा एखादा भाऊबंद आला, तर एवढंच करा, मोजायच्या आधी एकदा वाचा.

आणि हो, मघाचा तो संप. ती शुद्ध थाप होती. माझ्यातून शाई छान, सरळ वाहत होती. चौतीसभोवतीचा गोल मी अर्धा काढलासुद्धा होता. थांबल्या त्या बाई.