वसुलीवाला माझ्यावर बसायचा

मित्रांनो, मी सलूनमधली खुर्ची. लोखंडी पाय, लाल रेक्झिन आणि मान टेकायला वर-खाली होणारी उशी, असा माझा थाट. आता रेक्झिन फाटलंय आणि वळताना मी कुरकुरते. कुरकुरणारच! तुमचं वय झालं की कळेल.

एका वेल्डिंगच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून आम्ही दोघी बहिणी या दुकानात आलो. मालकाने आम्हाला आरशासमोर शेजारी शेजारी मांडलं, तेव्हा त्याला कोण आनंद झाला होता! त्याचा हात फार हलका. दाढी करून घेताना गिऱ्हाइकं चक्क घोरायची. एक आजोबा म्हणायचे, "तुझ्या हाती मान दिली की डोळाच लागतो बघ." मालक लाजायचा आणि उगाच माझं रेक्झिन पुसत बसायचा.

मग मालकिणीचं ऑपरेशन झालं. त्यासाठी मालकाने कर्ज काढलं. ती वाचली, पण हप्ते थकले आणि दुकानात वसुलीवाला येऊ लागला. तो मारायचा नाही, ओरडायचाही नाही. शटर उघडलं की माझ्यावर ठाण मांडून बसायचा. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "या, या. पण मान सांभाळा हं! डोक्यावर कर्ज आणि हातात वस्तरा. अशा माणसाचा काय भरवसा?"

गिऱ्हाईक आल्या पावली परत जायचं. मला असा संताप यायचा! वाटायचं, एक पाय मोडून घ्यावा आणि याला तोंडावर पाडावं. पण खुर्चीला कोण विचारतो?

हळूहळू मालकाचा हात कापू लागला. आधी चहाचा कप हिंदकळायचा, मग कंगवा सुटायचा. एकदा माझ्या बहिणीवर बसलेल्या त्याच आजोबांच्या हनुवटीला वस्तरा लागला. वसुलीवाल्याबद्दल आजोबांनी घरी आधीच सांगितलं होतं. त्यांना न्यायला आलेली सून वकील होती. तिने रक्त पाहिलं, माझ्यावर बसलेला माणूस पाहिला आणि विचारलं, "दादा, कर्ज फेडणं जमणार आहे का?"

"नाही हो, ताई."

"मग दिवाळखोरीचा अर्ज करा. कोर्टाने तो घेतला की वसुली थांबवावी लागते. यांना इथे येऊन बसता येणार नाही, फोनही करता येणार नाही. बोलायचं ते कोर्टात."

वसुलीवाला खो खो हसला. "कर की अर्ज! सरळ तुरुंगात जाशील."

मालकाला तेच खरं वाटलं. इथेच घात झाला, मित्रांनो. 'दिवाळखोर म्हणवून घेण्यापेक्षा मेलेलं बरं,' असं पुटपुटत तो कित्येक महिने गप्प राहिला. घरीसुद्धा काही बोलला नाही. शेवटी एकदा मालकीण डबा घेऊन आली आणि वसुलीवाल्याने तिलाच सुनावलं, "तुमच्या ऑपरेशनपायी नवरा रस्त्यावर आला."

तिने डबा आदळला. "अहो, हे रोज ऐकून घेता तुम्ही? आणि वर अब्रूची भीती? चला, आत्ताच्या आत्ता त्या ताईंकडे!"

अर्ज दाखल झाला आणि कोर्टाने तो घेतलाही. त्यानंतर वसुलीवाला एकदाच आला. मालकिणीने कोर्टाचा कागद त्याच्यापुढे धरला. कागद वाचून तो उठला आणि निघून गेला. तुरुंगबिरुंग काही नव्हतं. पण किंमत मोजावी लागलीच. कर्जापोटी मालकाची स्कूटर गेली, होती नव्हती ती शिल्लक गेली आणि माझी बहीणही गेली. पोटापाण्याचं साधन म्हणून मला तेवढं ठेवलं. तिला टेम्पोत चढवताना मला आरशातून दिसलं. फार रडू आलं.

दुसऱ्या दिवशी आजोबा माझ्यावर येऊन बसले. मालकाने फेस लावला, वस्तरा उघडला. आता भीती घालणारं तिथे कुणीच नव्हतं. तरी हात थरथरतच होता. मग त्याने टॉवेलने फेस पुसून काढला.

"आजोबा, दाढी दुसरीकडे करा. माझा हात गेला."

आता तो मशीनने केस तेवढे कापतो. वस्तरा परत हाती धरलेला नाही.

मित्रांनो, कर्ज कुणालाही होऊ शकतं. कुणी धाकात ठेवत असेल, तर घरी सांगा, जाणत्या माणसाला विचारा आणि वेळेवर विचारा. मी सगळं बघत होते, पण मला तोंड नव्हतं. माझ्या मालकाला होतं, आणि तो गप्प बसला.