मी घसरले नव्हते

मी एक जुनी, वाकलेली कुबडी आहे. इंदूरच्या एका पोलीस ठाण्यात जप्त केलेल्या वस्तूंची एक खोली आहे, तिथे मला भिंतीला टेकवून ठेवलं आहे. माझ्या एका बाजूला गंजलेला कोयता आहे, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी मोटरसायकलची साखळी. त्यांनी काय केलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण त्यांच्यासारखीच चिठ्ठी माझ्याही गळ्यात बांधली आहे, याचं मला फार वाईट वाटतं. मित्रांनो, मी माणसाला उभं करायला जन्मले होते.

शिवाय माझ्यावर एक खोटा आळ होता. वर्षानुवर्षं जो तो म्हणायचा, कुबडी घसरली. डॉक्टर म्हणाले, शेजारी म्हणाले, सगेसोयरे म्हणाले. मी एकदाही घसरले नाही. आता ऐकायला तुम्ही आहातच, तर सगळं सांगूनच टाकते.

सांवेर रोडवरच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या कापल्या, उंची कमी-जास्त करायला भोकं पाडली, भोकात अडकणारं स्प्रिंगचं बटण बसवलं, काखेखाली मऊ फोम लावला आणि शेवटी पायात जाडजूड रबरी बूट चढवला. श्रीरामजी नावाचे कारागीर प्रत्येक कुबडी ओल्या फरशीवर टेकवून बघत. माझ्यावर तर ते चक्क लोंबकळले. मी जागची हलले नाही. "ये नहीं फिसलने की, भिया," असं ते शेजारच्याला म्हणाले. आयुष्यातली ती पहिली शाबासकी मी अजून विसरलेले नाही.

मला विकत घेतलं महूच्या प्रमोदिनीने, पहिल्या पगारातून. तान्ही असताना पोलिओने तिचा डावा पाय गेला होता. महूच्या बौद्ध वस्तीत तिचं माहेर. वडील छावणीत माळी होते, ते वारल्यावर भाऊ आशिषने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि बहिणीला शिकवलं. ती रोज बसने इंदूरला यायची, एका क्लासमध्ये मुलांना कंप्यूटर शिकवायची. बसच्या पायरीवर ती मला असं दणकन आपटायची, की कंडक्टर आपोआप बाजूला व्हायचा. मग ती मोठ्याने हसायची. ते हसणं काखेतून माझ्या नळ्यांपर्यंत पोचायचं. ती माझी सुखाची वर्षं होती.

त्याच इमारतीतल्या एका ऑफिसात पीयूष होता. जुनं मराठी सरदार घराणं, पूर्वज होळकरांच्या फौजेत. दिवाणखान्यात वडिलांनी, म्हणजे दौलतरावांनी, तलवार टांगलेली. त्याने प्रमोदिनीला मागणी घातली आणि हट्टाने लग्न केलं. एका मंडळाने त्याचा सत्कारही केला. अपंग मुलीशी, तेही जात न बघता लग्न केलं म्हणून शाल, श्रीफळ, फोटो. तो फोटो तलवारीच्या शेजारी लागला. प्रमोदिनीला त्या दिवशी कुणी साधं फूलही दिलं नाही. माझ्यावर रेलून ती एका हाताने मांडीवर थाप मारत होती, कारण टाळी वाजवायला दुसरा हात मोकळा नव्हता. ती मनापासून खूश होती, बिचारी.

सासूबाई, भानुमतीबाई, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "देवघरात आणि किचनच्या ओट्याकडे बैसाखी आणायची नाही हं. रस्त्याची घाण असते तिला." बैसाखी म्हणजे मी, कुबडी. प्रमोदिनीने मला साबणाने धुतलं, रबर घासून लखलखीत केलं. तरी चालेना. मग नवं रबर आणलं. तेही चालेना. तेव्हा मला कळलं, की अडचण माझ्या पायाची नव्हती आणि तिच्या पायाचीही नव्हती. अडचण तिच्या माहेरच्या पत्त्याची होती, नाव मात्र माझं पुढे करत होते.

पहिला मार तिला चौदा एप्रिलला पडला. महूला जयंतीची मोठी गर्दी असते. ती न विचारता माहेरी गेली आणि कपाळाला निळा गुलाल लागलेली, आनंदात परतली. पीयूषने दार लावलं. आधी त्याने मला तिच्या काखेतून खेचून काढलं. ती भिंत धरायला गेली, तेवढ्यात त्याने तिच्या धड पायावर लाथ मारली. ती पडली आणि मग तो मारतच सुटला. मला त्याने माळ्यावर फेकलं होतं, त्यामुळे मला वरून सगळं दिसत होतं. केस धरून तिचं डोकं फरशीवर आपटताना तो म्हणत होता, "इस घर में आके भी औकात नहीं भूली तू? लोकांनी काय म्हणायचं मला?" दिवाणखान्यात टीव्हीचा आवाज वाढला. तो कुणी वाढवला ते मला दिसलं नाही.

तिची भुवई फाटली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारायच्या आत पीयूष हसून म्हणाला, "काय सांगू डॉक्टरसाब, बैसाखी फिसल गई." डॉक्टरांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, टाके घातले आणि वर सल्ला दिला, की मॅडम, जरा संभाळून चालत जा. माझा बूट वाकून बघायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. लंगडी बाई पडणारच, यात विचारायचं काय?

पुढे ती पद्धतच झाली. आधी मला काढून घ्यायचं, मग तिला पाडायचं, मग मारायचं आणि शेवटी माझं नाव सांगायचं. काही दिवसांनी प्रमोदिनीही तेच सांगू लागली. माझ्या काखेतल्या फोमवर हात ठेवून ती लोकांना सांगायची, "घसरली हो मेली." मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर मी रडले असते.

पीयूष हुशार होता. मुलीच्या, रुचीच्या, वाढदिवसाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. त्याने गुपचूप माझं बटण भोकात अर्धवट आत दाबून ठेवलं. केक घेऊन ती निघाली, बटण सुटलं, नळी आत गेली आणि सगळ्यांसमोर ती तोंडावर आपटली. "पाहिलंत ना? रोज असंच," पीयूष म्हणाला आणि सर्वांत आधी धावत जाऊन त्याने तिला उचललं. बायका म्हणाल्या, देवमाणूस आहे. त्या दिवसानंतर तिच्या अंगावरच्या कुठल्याही डागाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

त्याच घरात थोरली सून शलाका होती, बेटम्याच्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या नवऱ्याने, नीरजने, एकदा तिच्या थोबाडीत मारली, तर संध्याकाळच्या आत तिचे भाऊ जीप घेऊन दारात हजर. नीरजने सगळ्यांसमोर कान पकडले आणि भानुमतीबाईंनी पाहुण्यांसाठी गरम जलेबी मागवली. प्रमोदिनीचा भाऊ आशिष आला तेव्हा त्याला ओसरीतच बसवलं. दौलतराव तलवारीकडे बघत म्हणाले, "आमच्या घरात तुमची बहीण सून म्हणून नांदतेय, हे कमी आहे का?" आशिष मान खाली घालून उठला. भित्रा नव्हता तो. ओरडलो तर उद्या आपल्यालाच आत टाकतील, हे वस्तीतल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

एकदा आम्ही दोघी रिक्षाने पोलीस ठाण्यातही गेलो. टेबलामागच्या माणसाने तिचं माहेरचं आडनाव विचारलं, वस्ती विचारली, मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दीदी, ऐसा आदमी मिलता है क्या आजकल? आपको संभाल रहा है. घर जाओ." आम्ही घरी गेलो. त्या दिवशी तिची दोन बोटं मोडली. नाव पुन्हा माझंच लागलं.

मला वाटलं होतं, हे असंच चालणार. ती सोसेल आणि मी आळ घेईन. पण एका सकाळी रुची शाळेचा युनिफॉर्म घालून आईसमोर आली. गालावर बोटांचे वळ लाल उठले होते. प्रमोदिनीच्या हातातला कंगवा गळून पडला.

"कुणी मारलं?"

"कुणी नाही," रुची म्हणाली. "मी घसरले."

मित्रांनो, त्या मुलीचे दोन्ही पाय धडधाकट होते. ती दिवसभर गल्लीत पळायची, भिंतीवर चढायची. आणि तिने ते इतक्या सहज सांगितलं, जसं आपण कुणाला नाव सांगतो. आईचं बोलणं तिने पाठ केलं होतं. मार खाल्ला की असंच म्हणायचं असतं, असं तिला वाटत होतं.

प्रमोदिनी माझ्यावर भार टाकून उठली. तिने माझी मूठ घट्ट धरली होती. बाहेरच्या खोलीत पीयूष पोहे खात होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"रुचीला तू मारलंस."

"फिसल गई होगी," तो मान वर न करता म्हणाला. "आईवर गेलीये."

"ती घसरली नाही. मीही कधी घसरले नाही. आम्ही जातो आहोत."

पोह्यांची बशी भिंतीवर फुटली. त्याने मला हिसकावलं. या वेळी त्याने मला माळ्यावर फेकलं नाही. त्याने मला दोन्ही हातांनी उलटं धरलं आणि तो तिच्या पाठीवर, खांद्यावर, मांडीवर मारत सुटला. ज्या हाडांना मी इतकी वर्षं तोलून धरलं, त्यांच्यावर मी आदळत होते. माझी नळी मधोमध वाकली. रुची किंचाळत होती. तेव्हा शलाका आतून धावत आली. आजवर ती दाराआडून बघत आली होती. तिने पीयूषचा हात धरला नाही, पण रस्त्याकडचं दार सताड उघडलं आणि ओरडली, "प्रमोदिनी, बाहेर पड!"

बाहेर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली होती. इंदुरात त्या गाडीच्या वेळेला अख्खी गल्ली आपापल्या फाटकात उभी असते, ओल्या-सुक्याचे डबे हातात घेऊन. प्रमोदिनी कोपरांवर सरपटत ओसरीत आली. त्याच्या हातून खाली पडलेल्या मला ती एका हाताने ओढत होती. वाकलेली मी फरशीवर खडखडत होते. मागोमाग पीयूष बाहेर आला. गल्ली बघताच त्याचा चेहरा बदलला.

"अरे भिया, कुणी पाणी आणा! बैसाखी फिसल गई इनकी."

दोन बाया डबे खाली ठेवून "अरेरे" करत पुढे सरकल्याही. आता ती काय म्हणते, एवढंच माझं आयुष्य होतं. तिने मला वर उचललं, सगळ्यांना दिसेल असं. तोंडातून रक्त येत होतं, पण शब्द स्वच्छ होते.

"नहीं फिसली. ये देखो, टेढ़ी हो गई है. इसी से मारा है इसने मुझे. हर बार इसने ही मारा है."

गाडीचं गाणं चालूच होतं. मग रुची आईच्या पाठीशी येऊन उभी राहिली, गालावरचा हात काढला आणि म्हणाली, "मैं भी नहीं फिसली थी."

गाडीवाल्या बाईने गाणं बंद केलं. समोरच्या घरातल्या कुणीतरी पोलिसांना फोन लावला आणि या वेळी पाहणारे इतके होते, की आडनाव विचारून कुणाला परत पाठवता आलं नाही.

आता मायलेकी महूला आहेत. प्रमोदिनीने नवी कुबडी घेतली, असं कानावर आलं. मला जरा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? पण तारखेला मला कोर्टात नेतील आणि तिथे ती मला पुन्हा हातात घेईल, या आशेवर मी इथे उभी आहे.

मित्रांनो, तुमच्या आजूबाजूला कुणी फार वेळा पडत असेल, तर त्याच्या कुबडीला, चपलेला, फरशीला लगेच दोष देऊ नका. माझ्यासारखीचा रबरी बूट एकदा वाकून बघा. आणि पडलेल्या माणसाला हात देताना मान वर करून एवढं नक्की बघा, की त्याच्या शेजारी उभं कोण आहे.