दीड फेरा

मला ती गाडी घरातून घालवायची होती, हे मी कधी लपवून ठेवलं नाही. गाडी आमच्या मुलापेक्षा सात वर्षांनी मोठी. मुलगा शिकला, नोकरीला लागला, घर सोडून गेला. गाडी मात्र गॅरेज अडवून बसलेली. मी कपडे शिवते. माझं मशीन स्वयंपाकघरात, फ्रिज आणि दार यांच्यामध्ये कोंबलेलं. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर कढईतलं तेल उडालं, तेव्हा मी रडायचीच बाकी होते. आणि तिकडे गॅरेजात एवढी मोठी खिडकी. तिचा सगळा उजेड गाडीच्या टपावर पडून फुकट जातो.

माझा नवरा गणिताचा मास्तर. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. मीही म्हणते, विशेषतः डोकं फिरलेलं असतं तेव्हा. गाडी धुराच्या तपासणीत दोनदा नापास झाली, तेव्हा मी विषय काढला. तिसऱ्यांदा नापास झाली तर गाडी भंगारात आणि गॅरेज मला. मास्तरांनी ते कागदावर नीट उतरवून काढलं, सही केली आणि माझीही घेतली. तिसरी तपासणी शनिवारी दुपारी बाराला होती.

मग त्यांनी कार्बोरेटर खोलला. तोही माझ्या कापड बेतायच्या टेबलावर. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारी ती वस्तूच सगळ्या दुखण्याचं मूळ आहे, असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर माझ्या बटणांच्या डब्यांत पितळेच्या बारीक नळ्या, स्प्रिंगा आणि वॉशर पडून होते. मी आपली आशा धरून होते की जोडताना एखादा भाग उरेल. उरला नाही. माणूस अतिशय व्यवस्थित आहे, हीच तर माझी अडचण.

शनिवारी सकाळी गाडी अंगणात आली. मास्तरांनी पुस्तक उघडून टपावर ठेवलं. पुस्तकाच्या मते मिश्रणाचा स्क्रू हलकेच पूर्ण आत घ्यायचा आणि मग दीड फेरा बाहेर काढायचा. त्यांनी मोठ्यानं मोजत तसं केलं. इंजिन सुरू झालं, खोकलं, मागून काळा धूर निघाला आणि बंद पडलं. मास्तरांनी पुन्हा स्क्रू आत घेतला, पुन्हा दीड फेरा मोजला. पुन्हा खोकला, पुन्हा धूर. मग त्यांनी दुसरा, वेग वाढवायचा स्क्रू पिळला. आता इंजिन बंद पडेना, पण असं बोंबलायला लागलं की शेजारणीनं खिडक्या लावून घेतल्या.

मी आत एका पँटला चेन बसवत होते. माझा जन्म मशीनचा आवाज ऐकण्यात गेलाय. दोऱ्याचा ताण चुकला तर टाका बघायच्या आधी मला कानानं कळतं. त्या इंजिनाला पेट्रोल जास्त होतंय, हवा कमी पडतेय, हे मला दुसऱ्या मिनिटाला कळलं होतं. पण माझं भलं गप्प बसण्यातच होतं. मी गप्प बसले. तासभर बसले. चेन वाकडी लागली, उसवली, पुन्हा वाकडी लागली.

चौथ्यांदा ‘एक, आणि हा अर्धा’ ऐकलं आणि मी बाहेर आले.

"द्या तो स्क्रूड्रायव्हर."

"अगं, पुस्तकात दीडच सांगितलाय."

"पुस्तक लिहिलं तेव्हा गाडी नवी होती. तुम्ही तरी तेव्हासारखे राहिलात का?"

आधी मी वेग थोडा उतरवला. मग पेट्रोल कमी करायला मिश्रणाचा स्क्रू जरा जरा आत घेत गेले. दर वेळी थांबून ऐकायचं, मग पुढे. इंजिन हळूहळू मोकळं झालं, सुरात आलं. आणखी जरा आत घेतला तशी अडखळलं, म्हणून किंचित मागे आले. वेग अजून खाली आणला. धूर थांबला. गाडी अशी शांत चालायला लागली की इंजिन चालू आहे का ते बघायला मास्तरांना गाडीवर हात ठेवावा लागला. त्यांच्या तोंडावर असा आनंद होता की मलाही हसू आलं. आणि मग मला तो सही केलेला कागद आठवला.

स्वतःच्या हातानं मी माझं गॅरेज घालवून बसले होते.

तपासणी केंद्रावर रांग होती. इंजिन चालूच ठेवलेलं, तापू नये म्हणून बॉनेट उघडं. मास्तर फॉर्म द्यायला ऑफिसच्या खिडकीपाशी गेले आणि जाताना मला म्हणाले, "तू हिच्यावर लक्ष ठेव." स्क्रूड्रायव्हर माझ्याच पर्समध्ये होता.

आता खरं तेच सांगते. मी गाडीतून उतरले आणि तो स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला. कुणाला पत्ताही लागला नसता. इंजिन धापा टाकायला लागलं, मागच्या गाडीवाल्यानं नाकाला रुमाल लावला. मी डोळ्यांपुढे गॅरेजची खिडकी आणली, तिच्यासमोर माझं मशीन आणलं. पण समोर मास्तर पाठमोरे उभे होते. निकालाच्या दिवशी शाळेत घालून जायचे तो शर्ट त्यांनी घातला होता, इस्त्री केलेला. मला स्वतःचीच लाज वाटली. अर्धा फेरा मी परत आत घेतला आणि गाडीत जाऊन बसले.

तपासणीसानं धुराच्या नळीत त्याची नळी घातली, आकडे बघितले आणि पास असा शिक्का मारला. "जुनी गाडी इतकी साफ? ट्यून कुणी केली?"

"हिनं," मास्तर म्हणाले. "मी फक्त मोजत होतो."

ते ऐकून मला आणखीच वाईट वाटलं. अर्ध्या रस्त्यात मी न राहवून बोलून टाकलं, "तुम्ही फॉर्म द्यायला गेलात ना, तेव्हा मी तो स्क्रू..."

"अर्धा फेरा बाहेर काढलास. मग अर्धा आत घेतलास," मास्तर रस्त्याकडे बघत म्हणाले. "खिडकीच्या काचेत दिसत होतं."

"मग ओरडला का नाहीत?"

"काय ओरडणार? धूर बघून म्हटलं, हिला गॅरेज इतकं हवंय आणि आपल्याला कधी कळलंच नाही."

घर आलं. मास्तरांनी गाडी गॅरेजच्या दारापर्यंत आणली आणि बाहेरच, भिंतीला लावून उभी केली.

"आत नाही घेत?" मी विचारलं. "पास झालीय ना?"

"पास झालीय म्हणूनच. आता बाहेर राहिली तरी सुरू होईल," ते म्हणाले. "आणि नाही झाली, तर तू खिडकीशी बसलेली असशीलच. मी हाक मारायच्या आधी तुला ऐकू येईल."