बरिल खुर्चीवर बसला तो दिवस

मित्रांनो, जरा हळू बसा माझ्यावर. मागच्या डाव्या पायाचा मला आता भरवसा वाटत नाही. मी अक्रोडाच्या लाकडाची एक जुनी खुर्ची. डोंगरउतारावरच्या आमच्या गावात खालच्या घराचं छप्पर हेच वरच्या घराचं अंगण. अशाच एका छपरावर माझा जन्म गेला.

मला घडवलं बरिलने. तो बारी, म्हणजे कारागिरांच्या जातीचा. माझ्या पाठीवर त्याने बोकडाची दोन शिंगं कोरली आणि मधे एका जोडप्याचे चेहरे. कातड्याच्या वाद्यांनी बैठक विणली. ती पक्की आहे का हे बघायला त्याने नदीतला धोंडा आणून माझ्यावर ठेवला. स्वतः टेकला नाही. बाऱ्याने खुर्चीवर बसायचं नसतं, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

तसं आमच्या गावात कुणीच उगाच खुर्चीवर बसत नसे. माझे मालक मरक यांनी वर्षानुवर्षं गावाला जेवणं घातली. शेळ्यांचा कळप जवळजवळ संपला, तेव्हा कुठे त्यांना हा मान मिळाला. खुर्चीवर बसणाऱ्याने आपल्या वाडवडिलांची नावं घ्यायची, अशी गावची रीत. पहिल्या दिवशी मरकनी एकोणीस नावं घेतली, एकही न अडखळता. दुपार झाली तरी ते उठेनात, तेव्हा त्यांची बायको जानी म्हणाली, "उठा आता. नाहीतर तुम्हालाही लाकडाचे पाय फुटतील."

गाव हसलं. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एका हिवाळ्यात अमिराची, म्हणजे डोंगरापलीकडच्या राजाची, फौज खोऱ्यात चढून आली. देशाचं नाव बदललं, प्रार्थना बदलली. मित्रांनो, त्या प्रार्थनेबद्दल माझ्या मनात काही नाही. पहाटेची बांग ऐकली की माझंही लाकूड शांत होतं. पण त्या दिवशी मी फक्त धूर पाहिला. खालच्या मैदानात पूर्वजांचे लाकडी पुतळे जळत होते, आणि माझ्याही पाठीवर चेहरे होते.

दुपारी फौजेबरोबरचे मुल्लासाहेब आमच्या छपरावर आले. बरोबर दोन शिपाई आणि एक दुभाषा. थंडीने बिचाऱ्यांचे ओठ फुटले होते. मुल्लासाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा कुठला देव?"

"देव नाही, खुर्ची आहे," मरक म्हणाले.

"खुर्ची? मग तुम्ही सगळे जमिनीवर आणि ही रिकामी, असं का?"

याचं उत्तर सगळ्यांना येत होतं आणि कुणालाच देता येत नव्हतं. परक्या मोठ्या माणसासमोर आपण उंच बसायचं नाही, म्हणून मरक खाली बसले होते. बाकीच्यांना तर हक्कच नव्हता.

"खुर्ची असेल तर कुणीही बसेल," मुल्लासाहेब म्हणाले. "कुणी बसलं नाही, तर आगीत जाईल." त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या बरिलला खुणावलं. "तू बस."

"मी? साहेब, मी बारी."

दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं. मुल्लासाहेब म्हणाले, "नाव विचारलं नाही तुझं. बस."

बरिलने मरककडे पाहिलं. तो बसला, तर मरकची सारी जेवणं पाण्यात. नाही बसला, तर मी राख. माझ्या वाद्या ताणल्या गेल्या.

जानी पुटपुटली, "सांगा हो त्याला. नुसतं लाकूड तर आहे."

"मग तुझ्या डोळ्यांत पाणी का?"

"धूर आहे तो."

मरकनी खालच्या मैदानातल्या धुराकडे पाहिलं. मग म्हणाले, "बस, बरिल."

बरिलने अंगरख्याला हात पुसले आणि तो अगदी कडेला टेकला. आणि त्या भेदरलेल्या माणसाकडून चूक झाली, आमच्याच गावच्या माणसाकडून व्हावी अशी. खुर्चीवर बसणारा नावं घेतो. त्याने तोंड उघडलं.

"उता," तो म्हणाला. "वीदिंग."

"काय जपतोय हा?" मुल्लासाहेबांचा आवाज चढला. एका शिपायाने माझं शिंग धरलं.

"बापाचं नाव घेतोय. आणि आजोबांचं," मरक म्हणाले. "आमच्याकडे बसणारा घेतो."

"मग थांबला का?"

बरिल थांबला होता, कारण पुढचं त्याला येत नव्हतं. बाऱ्यांचे वाडवडील गावात कुणी मोजलेच नव्हते. शिपायाने मला उचलायला जोर लावला.

तेव्हा जमिनीवर बसलेले मरक म्हणाले, "अस्तान. तुझ्या पणजोबांचं नाव अस्तान. माझ्या पणजोबांच्या घराचे खांब त्यांनी कोरले."

"अस्तान," बरिल म्हणाला, आणि मग माझ्यावर पुरता बसला.

दुभाष्याने सांगितलेलं मुल्लासाहेबांनी ऐकून घेतलं. "पणजोबा सगळ्यांनाच असतात," ते म्हणाले. "चेहरे मात्र तासून टाका." ते पुढच्या छपराकडे गेले. चेहरे बरिलनेच तासले, हळूहळू, शिंगांना धक्का न लावता.

पुढे नव्या प्रार्थनेबरोबर मरक आणि बरिल दोघांना नवी नावं मिळाली. माझ्यावर कुणीही बसू लागलं, आणि नंतर कुणीच बसेना. कधी माझ्यावर तुती वाळवली, कधी कोंबडीने अंडी घातली. आता घरातली पोरं सरकारी कागदावर दोन नावं लिहितात, बापाचं आणि आजोबांचं. तिसऱ्या नावाला कागदावर जागा नाही. मला त्याचीच काळजी लागून असते. वाळवी मला खाईल ती खाईल.

म्हणून मित्रांनो, एक मागणं. माझ्या वाद्यांना अधूनमधून लोणी लावत जा. आणि बसलात की येतील तेवढी नावं घ्या, जुनी आणि नवी, दोन्ही. अडलात तर लाजू नका. शेजारी बसलेल्याला विचारा.